चाकरी, मजुरी, सेवा : बुलढाणा जिल्ह्यातील श्रमव्यवहाराचा शब्देतिहास

१

व्यवसाय प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मनुष्यबळ व्यवस्थापनातील वर्तमान प्रश्न ह्या विषयाला आता कायमचे स्थान मिळाले आहे. कंत्राटी नेमणुका, कर्मचाऱ्यांची गळती, काम आणि कुटुंब यांची ओढाताण, मंचाधारित कामाचे नवे प्रकार हे सारे विषय त्यात येतात आणि विद्यार्थ्याला त्यांवर लघुप्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी तो एखादी परदेशी प्रश्नावली घेतो, तिचे मराठी करतो आणि आपल्याच तालुक्यातील कारखान्यात किंवा पतसंस्थेत ती भरून घेतो. अशा काही प्रश्नावल्या भाषिक तपासणीसाठी प्रस्तुत लेखकाकडे येत असतात. त्यांपैकी एकीतील पहिलाच प्रश्न असा होता : ‘आपण आपल्या सध्याच्या नोकरीविषयी कितपत समाधानी आहात?’ घाटाखालच्या एका जिनिंग कारखान्यातील एका बाईने त्याला दिलेले उत्तर विद्यार्थ्याने समासात टिपून ठेवले होते : ‘नवकरी कायची जी? आमी जीनवर कामाले येतो.’ विद्यार्थ्याने हे उत्तर ‘लागू नाही’ या सदरात टाकले होते.

वस्तुतः त्या उत्तरात प्रश्नावलीतील उरलेल्या चाळीस प्रश्नांपेक्षा अधिक माहिती होती. त्या बाईच्या भाषेत ‘नोकरी’ आणि ‘काम’ या दोन वेगळ्या सामाजिक अवस्था आहेत. नोकरी तहसील कचेरीत असते, शाळेत असते, बँकेत असते. तिला महिन्याचा पगार असतो, रजा असते, निवृत्ती असते. काम रोजाचे असते, हंगामाचे असते. जी अवस्था आपल्याला लाभलेलीच नाही तिच्याविषयी समाधानी आहात काय, असे तिला विचारण्यात आले होते. प्रश्नावलीचे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. पण ज्या इतिहासातून ‘नोकरी’ हा शब्द आला, तो इतिहास भाषांतरकाराच्या गावी नव्हता.

या लेखाचा हेतू तो इतिहास थोडक्यात मांडण्याचा आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २६ लक्ष लोकवस्तीच्या आणि बहुतांशी ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात श्रमव्यवहाराच्या चार निरनिराळ्या रीती एकावर एक थर साचावेत तशा साचल्या आहेत. बलुत्याची रीत, सालाची रीत, रोजाची रीत आणि सेवेची रीत अशी त्यांची नावे ठेवता येतील. यांतील कोणतीही रीत पुढची रीत आल्याने पूर्णपणे नाहीशी झाली नाही. प्रत्येकीने आपले शब्द मागे ठेवले आणि त्या शब्दांबरोबर काही अपेक्षाही मागे ठेवल्या.

२

प्राचीन धर्मशास्त्राने श्रमाच्या कराराचा विचार केला नव्हता असे नाही. वेतन न देणे हा स्मृतींनी सांगितलेल्या व्यवहारपदांपैकी, म्हणजे दाव्याच्या विषयांपैकी, एक आहे. नारदस्मृतीत त्याच्या जोडीला ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’ म्हणजे कबूल केलेली शुश्रूषा न करणे हे आणखी एक पद येते. तेथे शुश्रूषा करणाऱ्यांचे पाच वर्ग सांगितले आहेत : शिष्य, अंतेवासी म्हणजे कारागिराकडे शिकणारा उमेदवार, भृतक म्हणजे मोल घेऊन काम करणारा, अधिकर्मकृत् म्हणजे कामावर देखरेख करणारा, आणि दास. विद्यार्थ्यापासून दासापर्यंत सर्वांना एका शब्दाखाली आणणारी ही वर्गवारी आज चमत्कारिक वाटेल. पण ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची संगती लागते. या पाचही जणांना जोडणारा धागा ऐकण्याचा, आज्ञापालनाचा आहे, मोलाचा नाही. गुरुसेवा आणि मोलमजुरी यांना एकाच कुळातील मानण्याची ही दृष्टी पुढे ‘सेवा’ या शब्दात उतरली. तिचा परिणाम आपल्याला लेखाच्या उत्तरार्धात पाहावयाचा आहे.

मोलाशिवायच्या सक्तीच्या श्रमाला संस्कृतात ‘विष्टि’ म्हणत. त्यापासून मराठीत ‘वेठ’ झाला. फारसीतून त्याच अर्थाचा ‘बिगार’ आला आणि दोहोंचा मिळून ‘वेठबिगार’ हा जोडशब्द बनला. कागदपत्र, धनदौलत या शब्दांप्रमाणे येथेही एक अंग देशी आणि एक परकी आहे. सक्तीच्या श्रमाला दोन्ही राजवटींचे शब्द लाभावेत आणि ते शेजारी नांदावेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. राजवट बदलली तरी वेठ चालूच राहिली, असा तिचा अर्थ होतो.

फारसी-अरबी शब्दांचा थर श्रमाच्या क्षेत्रात विलक्षण जाड आहे. नोकर, चाकर, मजूर, हमाल, मुकादम, हजेरी, रोज, साल, रजा, मोबदला हे सारे त्यातले आहेत. यांपैकी ‘नोकर’ हा मूळचा मंगोल शब्द असून सरदाराचा सोबती असा त्याचा अर्थ होता. ‘पगार’ तेवढा पोर्तुगीजांकडून आला. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग केला, तरी नोकर आणि मजूर आपल्या जागेवरून हलले नाहीत. कोश दरबारासाठी होता. मजुराचा व्यवहार दरबाराबाहेर चालत होता. परिभाषा घडविणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण समोर ठेवावे, असे आहे.

या शब्दांच्या प्रतिष्ठेत झालेले बदलही लक्षणीय आहेत. सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहीची चाकरी करीत होते असे म्हणताना त्यात कमीपणा नसे. चाकरी म्हणजे शिलेदारी, मनसब आणि मान. पुढे ‘चाकरी’ घरकामापर्यंत घसरली आणि ‘नोकरी’ तिच्या जागी चढली. शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि नोकरी कनिष्ठ ही म्हण ज्या समाजाने रचली, त्याच समाजात आज मुलाला सरकारी नोकरी आहे काय हा सोयरिकीतला पहिला प्रश्न असतो. ‘कामगार’ या शब्दाची गत याहूनही उद्बोधक आहे. जोतीराव फुले १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ‘भट कामगार’ असे लिहितात तेव्हा त्यांना गिरणीतले मजूर अभिप्रेत नसतात. सरकारी कचेऱ्यांतील ब्राह्मण अधिकारी अभिप्रेत असतात. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीतल्या मजुरांची पहिली संघटना उभी केली आणि १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. या अर्धशतकाच्या अवधीत हा शब्द अधिकाऱ्याकडून श्रमिकाकडे सरकला. शब्दाचा दर्जा उतरला असे कोणी म्हणेल. परंतु मजुराने अधिकाऱ्याचा शब्द स्वतःसाठी घेतला आणि त्याला संघटनेचे बळ दिले, असेही म्हणता येईल.

३

बलुत्याच्या रीतीचे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात विस्ताराने आले असल्यामुळे येथे तिचा केवळ निर्देश पुरे. तीत काम करणारा एका मालकाचा नसून गावाचा असे. त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे आणि त्याचे काम जन्माने ठरलेले असे. भरती, निवड, बढती या आधुनिक कल्पनांना तेथे जागाच नव्हती. तीत जी सुरक्षा होती, ती जातीच्या बंधनाची किंमत देऊन मिळालेली होती. या रीतीचे गोडवे गाताना ही किंमत विसरता येत नाही.

सालाची रीत याहून वेगळी. येथे दोन व्यक्तींमध्ये एका वर्षाचा बोलीचा करार असतो. वऱ्हाडात हे साल गुढीपाडव्याला सुरू होते व पुढच्या पाडव्याला संपते. सालदार, महिनदार आणि रोजंदार हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. तिन्हींत ‘-दार’ हा फारसी प्रत्यय आहे आणि तिन्हींत श्रमाचे माप काळ हेच आहे. बलुतेदार या शब्दात मात्र ‘-दार’च्या आधी काळ नसून हक्काचा वाटा आहे. श्रमव्यवहार वाट्यावरून काळावर गेला, ही अर्थेतिहासातील मोठी घटना या चार शब्दांच्या घडणीतच नोंदलेली आहे.

सालदाराच्या मोबदल्यात रोख रक्कम, धान्य आणि पोळ्याचा बोजारा असे. बोजारा म्हणजे बैलांची निगा राखणाऱ्या गड्याला पोळ्याच्या दिवशी मिळणारा मान. तो मजुरीत मोजला जात नाही, पण न दिल्यास गावात बोलबाला होतो. आधुनिक ग्रंथांत ज्याला वेतनेतर लाभ म्हणतात, त्याचे हे देशी रूप म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. कारण बोजाऱ्याच्या शेजारीच ‘उचल’ उभी असते. लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी सालदार मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो, वर्ष संपले तरी ती फिटत नाही, आणि मग पुढचे साल त्याच्याच शेतात ठरते. मालकाच्या दृष्टीने हा गडी टिकविण्याचा उपाय होय. गड्याच्या दृष्टीने हीच दावण होय. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगारीला मनाई केली आणि १९७६ च्या अधिनियमाने कर्जापोटीची वेठबिगार रद्द केली. या तरतुदींचा रोख उचलीच्या याच टोकाकडे होता. कर्मचारी टिकवून ठेवणे हा आजच्या पाठ्यपुस्तकातील आवडता विषय आहे. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्यासाठी उमेदवाराकडून बंधपत्र लिहून घेण्याची प्रथाही आज परिचित आहे. टिकणे आणि अडकणे यांतील सीमारेषा कोठे पडते, हा प्रश्न त्या प्रथेला विचारावयाचा तर सालदारीचा इतिहास जाणल्यावाचून तो नीट विचारता येणार नाही.

४

रोजाची रीत या जिल्ह्यात कापसाबरोबर पसरली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने लोहमार्ग गेला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. खामगाव ही वऱ्हाडातील एक अग्रगण्य कापूसपेठ झाली. सरकी काढणारे आणि रुईच्या गठाणी बांधणारे कारखाने उभे राहिले. ‘जीन’ आणि ‘प्रेस’ हे दोन शब्द कुणबिणीच्या तोंडी इतके रुळले की, त्यांचे परकेपण कोणाला जाणवेनासे झाले.

कारखान्याने भोंगा आणला आणि भोंग्याने दिवसाची नवी व्याख्या आणली. शेतातला दिवस उन्हाच्या कलावर चाले, जीनवरचा दिवस हजेरीपटावर चालू लागला. पण हजेरी मालक घेत नसे. ती मुकादम घेई. माणसे आणणे, लावणे, काढणे, उचल देणे, पगार वाटणे ही सारी कामे त्याच्या हाती होती. ‘मुकादम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पुढे असलेला, अग्रेसर असा आहे. स्मृतीतला अधिकर्मकृत्, गावाचा मुकादम आणि जीनचा मुकादम ही एकाच कार्याची तीन रूपे होत. कंत्राटदारामार्फत माणसे घेण्याची आजची पद्धत नवी आहे असे जे मानले जाते, ते या इतिहासाकडे पाहिले म्हणजे टिकत नाही. हंगामी कारखान्यांचा प्रश्न व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात स्वतंत्रपणे विचारात घेतला होता.

बाजाराचा इतिहास याला समांतर आहे. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा या देशातील बाजारनियमनाच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी एक होय. अडत्या, दलाल, मापारी या सर्वांवर बाजार समितीची नजर आली. तथापि या साखळीतला शेवटचा माणूस, म्हणजे हमाल, बराच काळ कायद्याच्या कडेलाच राहिला. त्याला मालक कोण हेच निश्चित नव्हते : शेतकऱ्याचे पोते, अडत्याचे दुकान, व्यापाऱ्याची खरेदी, मग हमाल कोणाचा? या कोड्याला महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीच्या अधिनियमाने उत्तर दिले. मंडळाकडे मालकांची आणि कामगारांची नोंदणी करावयाची, मजुरी मंडळामार्फत द्यावयाची, आणि मालक बदलला तरी कामगाराची भविष्यनिधी व रजेची खाती मंडळाकडे अखंड ठेवावयाची, अशी ती योजना आहे. आज मोबाइलवरील हाकेसरशी धावणाऱ्या वाहकांचा मालक कोण हा प्रश्न विचारला जातो तेव्हा हमालाचा प्रश्नच नव्या वेषात पुढे उभा असतो. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘माथाडी’ हा शब्द कोणा परिभाषा समितीने घडविलेला नाही. माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या बोलीतून तो थेट अधिनियमाच्या नावात गेला. श्रमाच्या क्षेत्रात शब्द खालून वर जातो तेव्हा त्याच्याबरोबर हक्कही वर जातो, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

५

आता ज्या विद्याशाखेचा विद्यार्थी ही प्रश्नावली घेऊन निघाला होता, तिच्या इतिहासाकडे वळू. भारतात या शाखेचा उगम कामगार कल्याणात आहे. शाही श्रम आयोगाने कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात शासकीय कामगार अधिकाऱ्याचे पद कायद्याने आले. १९३६ मध्ये मुंबईतच सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर संस्था निघाली. पुढे ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या तरतुदीमुळे पदवीधरांना एक नवा व्यवसाय मिळाला. त्यानंतर ‘सेवकवर्ग व्यवस्थापन’ ही संज्ञा रूढ झाली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास लार्सन आणि टुब्रो या कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातील अशा विभागांत तो पहिला समजला जातो. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण मंत्रालयालाच मानव संसाधन विकास असे नाव दिले. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले, तरी ‘मानव संसाधन’ हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रात स्थिरावला.

कल्याण, सेवकवर्ग, मनुष्यबळ, संसाधन हा संज्ञांचा क्रम पाहण्याजोगा आहे. पहिल्या संज्ञेत माणसाचे हित आहे, दुसरीत माणसांचा वर्ग आहे, तिसरीत माणसाचे बळ आहे, आणि चौथीत माणूस खनिजाच्या व जलाच्या पंक्तीत जाऊन बसला आहे. नावावरून हेतूचा निवाडा करणे अन्यायाचे होईल, हे खरे. चौथ्या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांचा हेतू माणसाच्या विकासाचाच होता. तरीपण शब्द आपल्या पुरस्कर्त्यांपेक्षा अधिक काळ जगतात, आणि त्यांचे संस्कारही.

या इतिहासात बुलढाणा जिल्हा कोठे बसतो? पाचशे कामगारांची अट सामान्य जिनिंग कारखान्याला लागू होण्याजोगी नव्हती. म्हणून ज्या मार्गाने ही विद्या मुंबईत आली, त्या मार्गाने, म्हणजे कारखान्यातील कल्याण अधिकाऱ्याच्या पावलांनी, ती येथे क्वचितच आली असेल. येथे ती आली ती अभ्यासक्रम म्हणून. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि कालांतराने तेथे व्यवसाय प्रशासनाचा पदव्युत्तर विभागही आला. अन्यत्र आधी प्रश्न होता आणि त्यातून शास्त्र निघाले; येथे शास्त्र आधी पोहोचले आणि विद्यार्थी त्याला शोभतील असे प्रश्न शोधीत राहिले. प्रश्नावलीतला ‘नोकरी’ हा शब्द जीनवरच्या बाईला परका का वाटला, याचे एक ऐतिहासिक कारण हे आहे.

६

सेवेची रीत ही या जिल्ह्याची सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कमी समजून घेतलेली रीत होय. गजानन महाराज १८७८ मध्ये शेगावला प्रकट झाले, १९०८ मध्ये त्यांच्या हयातीतच संस्थानाची स्थापना झाली, आणि १९१० मध्ये महाराजांनी समाधी घेतली. संस्थानाच्या स्वच्छतेचे, शिस्तीचे आणि चोख हिशेबाचे कौतुक व्यवस्थापनाच्या वर्गांतून नित्य होत असते. दीर्घकाळ संस्थानाची धुरा वाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील यांच्या २०२१ मधील निधनानंतर ते अधिकच होऊ लागले. या व्यवस्थेचा आधार म्हणजे सेवाधारी. गावोगावची माणसे पाळीपाळीने ठरलेल्या दिवसांसाठी येतात, नेमून दिलेले काम मोबदल्याशिवाय करतात आणि आपल्या शेताला, दुकानाला किंवा कचेरीला परत जातात.

विद्यार्थी येथे प्रेरणेचे सिद्धान्त लावून पाहतात. लावावेत, परंतु त्याआधी शब्द पाहावा. सेवाधारी हा कर्मचारी नव्हे आणि स्वतःला तसे म्हणवीतही नाही. ‘धारण करणे’ या क्रियेत वारकऱ्याच्या माळेची छाया आहे. त्याची सेवा मुदतीची आहे, त्याची उपजीविका अन्यत्र आहे, आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. या तीन अटी जोवर पाळल्या जातात तोवर सेवा ही सेवा असते. व्यवस्थापनाचा धडा म्हणून ती दुसऱ्या संस्थेत नेऊ पाहणाऱ्याने हे विचारले पाहिजे की, तेथे या अटी आहेत काय? जेथे माणसाची चूल त्याच कामावर पेटते, तेथे त्याला सेवाभाव ठेवावयास सांगणे ही वेगळीच गोष्ट आहे.

न्यायालयांनाही हा भेद करावा लागला आहे. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संज्ञेची व्याप्ती फार विस्तृत केली. तथापि जेथे बहुतेक माणसे ध्येयाच्या ओढीने विनामूल्य किंवा अल्प मानधनावर राबतात आणि भाडोत्री माणसे अगदी थोडी असतात, अशा संस्थांना तिच्यातून वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर संपूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येच्या बाहेरच ठेवले आहे. कोणत्याही विशिष्ट संस्थेविषयी येथे मतप्रदर्शन करावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ‘सेवा’ या शब्दाची कक्षा कोठे संपते हा प्रश्न आता व्युत्पत्तीपुरता राहिलेला नाही.

तो कोणाच्या आयुष्याला भिडतो हे पाहण्यासाठी शेगावहून दूर जाण्याचे कारण नाही. कोणत्याही गावच्या अंगणवाडीत जावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तिच्यातील पदांची मराठी नावे अंगणवाडी ‘सेविका’ व ‘मदतनीस’ अशी आहेत. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात आली ती आशा ‘स्वयंसेविका’. पहिल्या दोघींना मिळते ते ‘मानधन’ आणि तिसरीला कामागणिक मिळतो तो ‘मोबदला’. ‘वेतन’ हा स्मृतिकालापासूनचा शब्द तिघींच्याही वाट्याला आलेला नाही.

‘मानधन’ हा शब्द क्षणभर तपासण्याजोगा आहे. संस्कृत काव्यात तो बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचे धन आहे असा, म्हणजे स्वाभिमानी पुरुष. मराठीत त्याचा विग्रह पालटला आणि मानादाखल दिलेले धन असा अर्थ झाला. व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला एखादे दिवशी जे द्यावयाचे, त्यासाठी हा शब्द सुंदर आहे. पण तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रोज कामावर येणाऱ्या बाईच्या पावतीवर लिहिला गेला की, मान राहतो कागदावर आणि धन राहते अपुरे. २००६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय नागरी पद धारण करीत नाहीत असे ठरविले होते. २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने १९७२ च्या उपदान अधिनियमापुरता निराळा विचार केला. सेविका व मदतनीस यांचे काम पूर्णवेळ स्वरूपाचे आहे, त्यांना मिळणारे मानधन हे त्या अधिनियमाच्या अर्थाने वेतनच आहे, आणि म्हणून त्या उपदानास पात्र आहेत, असा तो निर्णय होता.

शब्दांची चर्चा ही विद्वानांची हौस आहे, व्यवहार कायद्याने चालतो, असा आक्षेप या प्रकारच्या लेखनावर नेहमी घेतला जातो. त्याला या निर्णयाहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. एका शब्दाचा अर्थ काय, या एकाच वादावर हजारो स्त्रियांच्या उतारवयातील रकमेचा प्रश्न अवलंबून होता. न्यायालयाने नावामागचा संबंध पाहिला. संशोधकालाही तेच करावयाचे आहे.

७

यावरून पदव्युत्तर अध्ययनासाठी काही सूचना निघतात. पहिली अशी की, प्रश्नावली घेऊन जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्या ठिकाणी कामाला, मालकाला, मोबदल्याला आणि सुट्टीला कोणते शब्द वापरले जातात याची यादी करावी, आणि एकाच गोष्टीला मालक व मजूर निरनिराळे शब्द वापरीत असतील तर तो भेद हीच आपली पहिली उपलब्धी समजावी. घाटावरच्या आणि घाटाखालच्या बोलीत फरक आहे; तोही टिपावा. दुसरी सूचना अशी की, जे उत्तर सदरात बसत नाही ते टाकून देऊ नये. तिसरी अशी की, जीनचे जुने हजेरीपट, बाजार समितीच्या नोंदी, रोजगार हमीच्या कामांवरचे कागद ही सामग्री वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी पाहावी. १९७२ च्या दुष्काळात आकारास आलेली आणि १९७७ च्या अधिनियमाने हक्काच्या पदवीस पोहोचलेली रोजगार हमी ही महाराष्ट्राची स्वतंत्र निर्मिती आहे. मनुष्यबळाच्या इतिहासात तिच्याइतकी मोठी सामग्री दुसरी क्वचितच असेल. चौथी सूचना अध्यापकांसाठी आहे. परकी संज्ञा वर्गात अवश्य शिकवावी, परंतु ती शिकवून झाल्यावर हिला आपल्या गावात काय म्हणतात, असे विचारावे. उत्तर आले नाही तर ती गोष्टच आपल्याकडे नसेल, किंवा असूनही आपल्याला दिसत नसेल. यांतले कोणते खरे, हे शोधणे म्हणजेच संशोधन.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीपासून या लेखाचा आरंभ झाला, त्याने पुढे आपला पहिला प्रश्न बदलला. ‘आपण येथे कामाला कशा येता, कोण आणतो, आणि काम नसेल त्या दिवशी काय करता?’ असे त्याने विचारण्यास सुरुवात केली. त्यामुळे गुणांकन कठीण झाले आणि तक्ते थोडे झाले. परंतु उत्तरे लांब येऊ लागली, आणि ‘लागू नाही’ हे सदर रिकामे राहिले.